हाताची खूण

वेसाव्याच्या गल्ल्यांमध्ये विमान कंपनीची गाडी शिरत नाही. त्यामुळे ड्यूटीला निघताना कल्पिताला मासळी बाजाराच्या नाक्यापर्यंत चालत जावं लागायचं. तिची चाकांची बॅग खांद्यावर घेऊन तिचा बाप चंदर पुढे चालायचा. बॅगेला चाकं आहेत, ती ओढायची असते, हे तिने त्याला कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. पण गल्लीत बर्फाचं पाणी, मासळीचं पाणी वाहत असायचं, आणि पोरीच्या बॅगेला वास लागू नये असं चंदरला वाटायचं. कल्पितालाही तसंच वाटायचं, पण ते तिने कधी तोंडाने कबूल केलं नाही.

चंदर स्वतःच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. मोठा मुलगा अल्पेश त्याच्याबरोबर समुद्रावर जायचा. बायको जया अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. कल्पिता घरातली पहिली, जी पाण्यावर न जाता हवेत गेली. केबिन क्रूमध्ये तिची निवड झाली, तेव्हा चंदरने अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. तिच्या नोकरीबद्दल त्याला सगळं जाणून घ्यायचं असे. विमान वळतं कसं, ढगात शिरलं की चालवणाऱ्याला दिसतं काय, पाऊस आला तर काचेला वायपर असतो का. सुरुवातीला ती हौसेने सांगायची. नंतर नंतर, दिवसभर उभं राहून घरी आलेल्या माणसाला ज्या विषयाचा कंटाळा येतो, त्या विषयाचा तिला कंटाळा यायला लागला.

एकदा दुपारी ती नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन पडली होती. चंदर जाळं विणता विणता म्हणाला, वरून ते मास्क पडतात म्हणे, त्यात हवा कुठून येते? डोक्यावर बाटला ठेवलेला असतो काय?

"बाबा, ते कधी लागत नाही रे," ती म्हणाली. "आमच्या ओळखीत कुणालाच लागलेलं नाही."

ते खरंच होतं. चंदरनेही पुढे विचारलं नाही.

सांगायला फार वेळ लागला नसता. विमान ज्या उंचीवर उडतं तिथे बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस तिच्यावर शुद्धीत राहू शकत नाही, म्हणून आत दाब धरून ठेवलेला असतो. तो दाब कमी झाला की डोक्यावरची झाकणं आपोआप उघडतात आणि मास्क खाली लोंबतात. मास्क आपल्याकडे जोरात ओढायचा. त्या ओढीने वरची एक पिन निघते आणि छोट्या डब्यातली रसायनं पेटून ऑक्सिजन तयार करायला लागतात. एका रांगेतल्या एकाने ओढलं तरी त्या रांगेतल्या सगळ्यांना मिळतो. डब्यातला ऑक्सिजन थोडी मिनिटंच पुरतो, पण तेवढ्या वेळात विमान खाली, जिथे नुसत्या हवेवर श्वास घेता येतो तिथे, उतरलेलं असतं. मास्कची पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही. आणि तो डबा चांगलाच तापतो, म्हणून काहीतरी जळल्यासारखा वास येतो. ती आग नसते.

हे शेवटचं प्रवाशांना कुणी सांगत नाही. कल्पिताला ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत तो प्रश्नही आला होता आणि तिने त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

चंदरच्या आयुष्यात जळक्या वासाची एक गोष्ट होती, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती. कल्पिता लहान असताना त्याच्या बोटीवर गुणाजी नावाचा भागीदार होता, चंदरचा जिवलग. एके दिवशी भर समुद्रात चंदरला कसलासा वास आला. त्याला वाटलं, चुलीवर भात लागला असेल. तो जाळ्याशीच बसून राहिला. वास इंजिनाकडून येत होता, तिथे आग लागली होती. गुणाजी खाली इंजिनापाशी होता. त्याला वर काढेपर्यंत उशीर झाला होता. दुसऱ्या बोटीवाल्यांनी दोघांना किनाऱ्यावर आणलं, आणि गुणाजी तिथून हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही. त्यानंतर घरात, गल्लीत, कुठेही काही जळाल्याचा वास आला की चंदर हातातलं टाकून उठायचा. शेजारणीच्या तव्यावर मिरची करपली तरी जाऊन पाहून यायचा. पोरं हसायची. जया कधी हसली नाही.

गेल्या वर्षी समुद्र बंद असताना, म्हणजे पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवलेल्या असताना, कल्पिताने आईबापांना काशीला पाठवायचं ठरवलं. क्रूच्या घरच्यांना कंपनीची सवलतीची तिकिटं मिळतात. जाताना दोघं एकटी गेली. येतानाच्या विमानावर मात्र कल्पिताने सहकारिणीशी अदलाबदल करून स्वतःची ड्यूटी लावून घेतली. आईबापांनी तिला एकदा तरी कामावर पाहावं, असं तिच्या मनात होतं.

वाराणसीहून परतताना चंदर नवा पांढरा शर्ट घालून मधल्या सीटवर बसला होता. खिडकीशी जया. पलीकडच्या सीटवर कॉलेजातला वाटावा असा एक मुलगा होता. विमान निघण्याआधी कल्पिता हातात पिवळा मास्क घेऊन मधल्या वाटेत उभी राहिली, नेमकी त्यांच्या रांगेपाशी. हिंदी आणि इंग्रजीत सूचना चालू झाल्या. कल्पिताने मास्क ओढल्याचा अभिनय केला, नाकातोंडावर धरला, पट्टा डोक्यामागे नेला. चंदर टक लावून बघत होता, पण मास्ककडे नव्हे. शेजारच्या मुलाला कोपराने डिवचून त्याने हळूच सांगितलं, आमची मुलगी. कल्पिताला ते दिसलं. तिला हसू आलं. तिने ते दाबलं आणि पुढच्या रांगेकडे सरकली.

खाणं देऊन झालं होतं, रिकामे डबे गोळा करणं चालू होतं. कल्पिता मागच्या बाजूला, बापाच्या पाच-सहा रांगा पाठीमागे, ट्रॉलीशी उभी होती. आधी तिचे कान बंद झाले. मग झाकणं उघडल्याचा फटफट आवाज झाला आणि विमानभर मास्क लोंबायला लागले. कुणीतरी किंचाळलं. दाब धरून ठेवणाऱ्या एका झडपेत बिघाड झाला होता, हे मागाहून कळलं. त्या क्षणी ते कळण्याची गरज नव्हती. तिने ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबला, जवळच्या रिकाम्या सीटवर बसली, मास्क ओढला, तोंडावर लावला, पट्टा आवळला. ट्रेनिंगमध्ये शंभरदा घोटून घेतलेलं होतं. आधी स्वतः. उठायचं नाही. कॅप्टन सांगेपर्यंत उठायचं नाही. जो उठतो तो थोड्याच वेळात कोसळतो, आणि मग त्याला उचलायला दुसरा उठतो.

विमान नाक खाली करून वेगाने उतरायला लागलं. वाट उतारासारखी तिरकी झाली. जळका वास पसरला.

कल्पिताने पुढे पाहिलं. रांगांमधून नुसती डोकी दिसत होती, पिवळे मास्क लावलेली. आणि त्यांत एक पांढरा शर्ट उभा राहिला.

चंदरने मास्क काढला होता. जया त्याचा शर्ट धरून ओढत होती. त्याने तिचा हात सोडवला, शेजारच्या मुलाच्या गुडघ्यांवरून पाय टाकून तो वाटेत आला आणि वळून मागे, कल्पिताच्या दिशेने बघायला लागला. तो काहीतरी ओरडत होता. आवाज तिच्यापर्यंत नीट पोचला नाही, पण ओठांवरून तिला शब्द कळला. आग.

तिने मास्कमधून ओरडून पाहिलं. मग हात वर करून, तळवा खाली धरून तिने जोरजोरात खूण केली. बस. खाली बस. त्याने ती पाहिली. त्याची नजर तिच्यावर होती आणि चेहऱ्यावर एकदम काहीतरी निश्चित झाल्यासारखं दिसलं. सीटांच्या पाठी धरत तो चढण चढल्यासारखा तिच्याकडे यायला लागला. तिने पुन्हा हात हलवला, आणखी जोरात. तो आणखी घाईने यायला लागला.

तिचा दुसरा हात मास्कच्या नळीवर होता. नळी जेमतेम हातभर. ती काढून उठली असती तर कदाचित त्याच्यापर्यंत पोचली असती. कदाचित त्याच्याशेजारीच पडली असती. हे सगळं तिला तिथल्या तिथे कळत होतं, आणि ती बसून राहिली.

चंदर तिच्यापासून तीन रांगांवर आला आणि त्याचे डोळे रिकामे झाले. गुडघे दुमडले. पडताना त्याची कंबर सीटच्या लोखंडी हातावर आपटली, आणि मग तो उतारावरून थोडा घसरत जाऊन वाटेत आडवा झाला.

वाटेकडेच्या सीटवर प्रांजल नावाचा एक तरुण होता, पुण्याचा, कामानिमित्त मुंबईला निघालेला. प्रत्येक रांगेत माणसांपेक्षा एक मास्क जास्त असतो. त्याने तो जास्तीचा मास्क ओढून घेतला, स्वतःचा न काढता वाकला, चंदरचं डोकं आपल्या पायावर ओढून घेतलं आणि तो मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला. विमान सरळ होईपर्यंत तो तसाच धरून होता. कल्पिता तीन रांगांमागून हे बघत होती.

कॅप्टनचा आवाज आल्यावर ती ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन धावली. चंदरने तोवर डोळे उघडले होते. ओठांचा रंग परत येत होता.

"आग कुटं हाय?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "नाहीये बाबा. आग नाहीये."

विमान इंदूरला उतरवलं. बाकीचे सगळे प्रवासी धडधाकट होते, काहींचे कान दुखत होते एवढंच. चंदरचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. अल्पेश मुंबईहून आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, वेळेत ऑक्सिजन मिळाला. पाय मात्र पूर्वीसारखा होणार नाही. चालतील, पण डुलत्या जागेवर तोल सांभाळता येणार नाही. तांडेलाला हे सांगण्याची दुसरी काही रीत असेल, तर ती त्या डॉक्टरला माहीत नव्हती.

हॉस्पिटलच्या गॅलरीत अल्पेशने बहिणीला विचारलं, "तो वास येतो, तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"आणि बाबाला वासाचं काय आहे, तेही माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस, कल्पे?"

तो ओरडला नाही. खरंच विचारत होता. विसरले म्हणावं तर ती विसरली नव्हती. त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात इतकी वर्षं होत्या, पण एक घरात होती आणि दुसरी नोकरीत. त्या दोन्ही एकत्र आणाव्यात, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. अल्पेश औषधं आणायला खाली गेला. पुढे त्याने हा विषय कधी काढला नाही.

शुद्धीवर आल्यापासून चंदर मात्र खुशीत होता. नर्सला, वॉर्डबॉयला, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला तो मोडक्या हिंदीत विमानातली हकीगत सांगायचा. ती ऐकताना दुसऱ्या दिवशी कल्पिताच्या ध्यानात आलं, की तो काय सांगतोय.

"ही तिकडं मागं बसलेली," तो सांगत होता. "मी उठून बघितलं, तर हिने असा हात केला. ये ये, बाबा ये. पोरीने बोलावलं तर बाप बसून राहील काय? तसाच गेलो."

आणि त्याने पलंगावर पडल्या पडल्या तळवा खाली धरून बोटं हलवून दाखवली. बंदरावरून बोटीतल्या माणसाला जवळ बोलावताना करतात, तशी.

कल्पिता पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने बसायची खूण केली होती. त्याने आयुष्यभर तीच खूण "ये" म्हणून पाहिली होती, आणि केलीही होती.

तिने ते बाहेर येऊन जयाला सांगितलं. जया पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली, आणि मग म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

"आय, पण ते खरं नाही."

"नसू दे. त्याला तसंच राहू दे."

ते ट्रेनने मुंबईला परतले. आळीतले लोक भेटायला यायला लागले, आणि चंदर प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायला लागला. सांगता सांगता ती मोठी होत गेली. विमान धुराने भरलं, माणसं रडायला लागली, आणि त्या सगळ्यात पोरीने बापाला हाक मारली. गुणाजीच्या वेळी मी बसून राहिलो होतो, तो म्हणायचा, या वेळी नाय बसलो. हे वाक्य तो आवाज खाली आणून म्हणायचा, आणि समोरचा माणूसही मान खाली घालायचा. बोट आता अल्पेश चालवत होता. चंदर सकाळी धक्क्यावर काठी टेकत जायचा, बोटी जाताना बघायचा आणि परत यायचा. दुपारी जाळी विणायचा. तो रडला नाही, चिडला नाही. त्याला ती गोष्ट पुरत होती.

पुरत नव्हती ती कल्पिताला.

वर्षातून एकदा क्रूला उजळणीच्या वर्गाला जावं लागतं. अंधेरी पूर्वेला कंपनीचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे विमानाच्या आतल्या भागाची हुबेहूब नक्कल उभी केलेली आहे. रुचिरा मॅम तिथे शिकवायच्या. कल्पितालाही सुरुवातीला त्यांनीच शिकवलं होतं. ऑक्सिजनचा धडा आला तेव्हा त्यांनी नवीन मुलींना सांगितलं, की नियम पाठ करणं सोपं असतं. आपल्यातल्याच एका मुलीने स्वतःचे वडील समोर पडताना पाहिले, तरी ती जागेवरून उठली नाही, आणि म्हणून नंतर ती तिच्या विमानातल्या सगळ्यांच्या कामी आली. त्यांनी नाव घेतलं नाही. पण दोघी-तिघींना माहीत होतं, त्यांनी वळून पाहिलं. त्या नजरांत आदर होता. कल्पिता पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि वर्ग संपेपर्यंत आत आली नाही.

रुचिरा मॅम तिला शोधत आल्या. त्यांना वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

कल्पिता म्हणाली, "मॅम, ते सांगू नका. मी नियम पाळला म्हणून नव्हते बसले. मला उठताच आलं नाही."

"दोन्ही एकच असतं गं, त्या वेळी."

"नसतं."

मग तिने विचारलं, की सुरुवातीच्या सूचनेत एक वाक्य घालता येणार नाही का, जळका वास येईल, तो आग नाही. रुचिरा मॅम म्हणाल्या, हे आधीही बोलून झालंय. उडायच्या आधीच जळण्याचं नाव काढलं तर निम्मी माणसं तेवढंच ऐकतील. मास्क पडल्यावर क्रूने ओरडून सांगायचं असतं. कल्पिताला हे माहीत होतं. तिने ओरडून पाहिलंही होतं. त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच तिला आणखी वाईट वाटलं. दोष ठेवायला तिला कुणीच सापडत नव्हतं.

त्या दिवशी ती थेट घरी आली. चंदर दारात जाळं विणत बसला होता. शेजारी काशीराम, त्याचा जुना सोबती, चहा पीत होता, आणि गोष्ट चालू होती. धूर येऊन गेला होता, माणसं रडून झाली होती. चंदरने तळवा खाली धरून बोटं हलवली. काशीराम निघून जाईपर्यंत कल्पिता उंबऱ्यात उभी राहिली. आत जया मासळी साफ करत होती. तिने मुलीचा चेहरा पाहिला आणि विळीवरूनच नकारार्थी मान हलवली.

कल्पिता बापाशेजारी बसली.

"बाबा, मी तुला बोलावलं नव्हतं."

"काय?"

"मी हात केला तो बस म्हणून. खाली बस, उठू नकोस म्हणून. मी तुला ये म्हटलं नव्हतं."

चंदरने विणायची सुई जाळ्यात तशीच अडकवून ठेवली. मग तिच्याकडे न बघता त्याने हळूच आपला हात पुढे केला, तळवा खाली, आणि दोनदा हलवला. पुन्हा हलवला. दोन्ही अर्थ लावून बघत असावा.

"मंग मी बसलो असतो तर?" त्याने विचारलं.

इथे ती खोटं बोलू शकली असती. नंतर कितीतरी वेळा तिला वाटलं, की एवढं तरी खोटं बोलायला हवं होतं.

"तर काही झालं नसतं," ती म्हणाली. "मास्क लावून बसला असतास तर काहीच झालं नसतं. बाकी कुणालाच काही झालं नाही."

"आग नव्हतीच."

"नव्हती. तो डब्याचा वास होता. तो येतोच. मला माहीत होतं, मी तुला सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं, बाबा."

ते तिने मनापासून म्हटलं. एवढे महिने ते तिच्या छातीवर होतं. बोलून झाल्यावर तिला खरोखर हलकं वाटलं, आणि बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तर रडूच आलं. चंदर म्हणाला, जाऊ दे बाय, तुजी काय चूक. तू तर बस म्हटलंस. मग त्याने सुई हातात घेतली. पण टाके चुकायला लागले. थोड्या वेळाने त्याने जाळं गुंडाळलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

जयाने हात धुतले, चहा टाकला, एक कप मुलीपुढे ठेवला.

त्यानंतर आळीतल्या कुणी चंदरकडून ती गोष्ट ऐकली नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, चंदर, ते विमानाचं सांग ना. तो म्हणायचा, काय सांगायचं त्यात. धक्क्यावर जाणंही त्याने कमी केलं. अल्पेशला वाटलं, पाय दुखत असेल. जयाला माहीत होतं. कल्पिता सुट्टीच्या दिवशी मुद्दाम त्याच्याशेजारी बसायची, विमानातल्या गमतीजमती सांगायची. वळताना पंख कसा झुकतो, ढगात गेल्यावर कॅप्टन कशाच्या भरवशावर चालवतो, सगळं. चंदर ऐकायचा. हो म्हणायचा. स्वतःहून मात्र त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

या गणपतीनंतर तिने त्याला तपासणीसाठी अंधेरीच्या एका दवाखान्यात नेलं. व्यायाम शिकवणारी बाई नवीन होती, तरुण, बोलकी. तिने चंदरला टेबलावर आडवं केलं, पाय हळूहळू वर उचलला, खाली आणला, कुठपर्यंत दुखतं ते विचारलं. मग गप्पा मारायच्या म्हणून सहज म्हणाली, काका, एवढं मोठं हाड मोडलं कसं?

कल्पिता एक्स-रेचं पाकीट धरून भिंतीशी उभी होती. चंदरची नजर छताकडे होती.

"बोटीवर पाय घसरला," तो म्हणाला.

बाई म्हणाली, या वयात जपायला हवं हो. तिने पाय पुन्हा वर उचलला. चंदरने ओठ घट्ट मिटले आणि तो ती सांगेल तसा पाय वर-खाली करत राहिला.